सकवारअक्काची पट्टी

माणूस मी त्याच्या हातांवरून ओळखतो. होसकोट्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं लेथवर उभा राहिलो. तिथे जीभ चालवून एकही शाफ्ट तयार झालेला मी पाहिला नाही. चामराजपेटेत आमच्या गल्लीत जिभेची माणसं मुबलक आहेत. हातांचं माणूस म्हणावं असं एकच, सकवारबाई. तिला सगळे अक्का म्हणतात. मीही म्हणतो, ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान असली तरी.

तिचा नवरा संताजी कोट शिवायचा आणि अक्का काजं करायची. संताजी गेला, दुकान बंद झालं, पण काजाचं काम येत राहिलं. यंत्राचं काज नको असलेली माणसं अजून आहेत. नवरदेवाचा कोट असला की घेऊन येतात. अक्का प्रत्येक काजाचे टाके मोजते. एक टाका सरकला तरी अख्खं काज उसवते आणि पुन्हा घालते. कोण बघतंय एवढं, असं मी एकदा म्हणालो होतो. पुढे दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. बरोबरच केलं.

तिचा मुलगा योगीराज हेब्बाळला ऑफिसात जातो. सकाळी सातला घर सोडतो, परत येतो तेव्हा मुलगी झोपायला आलेली असते. सून दिव्यश्री तशाच नोकरीत, पण आठवड्यातले तीन दिवस घरून काम करते. त्यांची मुलगी आर्या साडेपाच वर्षांची आहे.

आर्या दीड वर्षापर्यंत चालत होती, ‘अज्जी’ म्हणत होती. मग हळूहळू बोलणं गेलं, हातांचा उपयोग गेला, चालणं गेलं. सरकारी मोठ्या दवाखान्यात डॉक्टर रूपश्रींनी तपासून सांगितलं की हा रेट सिंड्रोम आहे. मेंदूचा आजार, जन्मभराचा. आता ती दोन्ही हात छातीशी घेऊन दिवसभर चोळत असते, साबण लावल्यासारखे. तिच्याजवळ बोलायला उरले ते डोळे. तहान लागली की पेल्याकडे बघते, बाहेर जायचं असलं की दाराकडे. आई खोलीत आली की आईकडे, आणि तिथून हलत नाही.

आणि ती दात खाते. झोपेत नव्हे, जागेपणी. वंगण संपलेलं बेअरिंग जसं ओरडतं तसा आवाज. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे; मला चहा पिताना ऐकू यायचं.

हा आवाज ऐकून गल्लीतल्या आणि नात्यातल्या सगळ्यांना ज्ञान फुटलं. जंत आहेत, ओवा द्या. दृष्ट लागली आहे, मिरच्या ओवाळा. नाव बदला. पलंगाची दिशा बदला. एका बाईने फोनवर आलेला व्हिडिओ दाखवला, त्यात कुणीतरी मुलाच्या टाळूवर तेल थापत होता. दात खाणारं मूल घराला खातं, असंही एक बाई त्या मुलीच्या समोर बोलून गेली.

या सगळ्यांत वरचढ सुब्बाराव, संताजीचा धाकटा भाऊ. चिकपेटेत कापडाचं दुकान आहे. खुर्चीवर बसून मीटरपट्टी फिरवणारा माणूस. दर रविवारी येतो, उपमा खातो आणि निदान सांगतो.

“वैनी, लिहून ठेवा, जंतच आहेत. आमच्या दुकानातल्या मुनीमाच्या नातवाला हेच झालं होतं.”

“त्याचा नातू चालतो ना?” अक्काने विचारलं.

“चालतो की. शाळेत पहिला आहे.”

“मग त्याचे जंत वेगळे, भाऊजी.”

मला सवय आहे, कोणी काम सांगायला लागला की मी घड्याळ बघतो. आर्याला मांडीवर घेऊन कोण किती वेळ बसतो, ते मी बघून ठेवलं होतं. ओवावाली बाई दोन मिनिटं. व्हिडिओवाली शून्य. सुब्बाराव चार मिनिटं, त्यातली दीड फोटो काढण्यात. एवढ्या अनुभवावर ही माणसं उपाय सांगतात. कारखान्यात चार मिनिटं मशीन बघितलेल्याला आम्ही जॉबला हात लावू देत नसू.

माझंही सांगतो, नाहीतर दुसऱ्याला नावं ठेवायचा अधिकार राहणार नाही. दातावर दात घासतो आहे ना, मग मध्ये काहीतरी मऊ बसवलं पाहिजे, असा मी हिशेब केला. घरी छोटा लेथ आहे. नायलॉनच्या सळईतून एक कडी काढली. कडा गोल केल्या, पॉलिश असं की नखाला काही लागू नये. आर्याने ती दोन दिवस चावली. तिसऱ्या दिवशी कडीचा तुकडा उडाला आणि घशाकडे गेला. अक्काने बोट घालून तो बाहेर काढला, आणि आर्याचा जबडा त्या बोटावर मिटला. सुई धरायचं बोट. आठ दिवस काम बंद.

अक्काने तो तुकडा कागदात गुंडाळून मला आणून दिला. म्हणाली, “अण्णा, फिनिशिंग चांगलं आहे.” बाकी काही नाही. मी ती कडी कोणाला विचारून केली नव्हती. दाताच्या डॉक्टरला नाही, रूपश्रींना नाही. जबड्याचा जोर मोजला नव्हता. सुब्बाराव नुसता जंत म्हणून थांबला, मी मुलीच्या तोंडात वस्तू घातली.

त्यानंतर दिव्यश्रीने मुलीला एका खाजगी डॉक्टरकडे नेलं. सरकारी दवाखान्यातली पुढची तारीख लांबची होती, आणि आर्याच्या दाढा झिजून अर्ध्यावर आल्या होत्या. त्या डॉक्टरांनी शांत करणारं एक पातळ औषध दिलं, दिवसातून दोनदा. महिन्याने या, फरक नसेल तर डोस वाढवू, असं सांगितलं.

औषधाने आवाज कमी झाला. सगळे खूश. सुब्बाराव म्हणाला की शेवटी शहाणपणाने घेतलं. पण आर्या आता सकाळपासून अर्धी मिटलेली असे. पेला समोर धरला तरी नजर भिंतीवर. दार वाजलं तरी भिंतीवर. दिव्यश्री खोलीत आली तरीही.

अक्काने आठवड्याच्या आतच सांगितलं की हे औषध वाढवायचं नाही. दिव्यश्री म्हणाली की तिला तरी कुठे हौस आहे, पण दाढा उद्या हिरड्यांपर्यंत जातील, मग मुलीला जेवता येणार नाही, आणि दुखलं तर सांगताही येणार नाही. मी भिंतीपलीकडून ऐकत होतो. मला तेव्हा सुनेचा राग आला होता. लॅपटॉपवर काम करणाऱ्यांना शांतता हवी असते, मुलगी नव्हे, असं मी मनात म्हटलं. ते चुकीचं होतं, पण तेव्हा म्हटलं खरं.

“ती का खाते, ते कोणी बघितलं?” अक्काने विचारलं.

“अत्ते, या आजारात मुली दात खातातच. सगळे डॉक्टर तेच म्हणतात.”

“खातातच, हे कळलं. पण सकाळी दहाला कमी आणि दुपारी एकला जास्त का? आजार घड्याळ बघतो काय?”

दिव्यश्रीने कॅलेंडर बघितलं. तिने एवढंच सांगितलं की तारखेला चोवीस दिवस आहेत. तोवर अक्काला काही सापडलं तर डोस वाढणार नाही. नाही सापडलं तर वाढेल.

अक्काला संशय होता खुर्चीचा. ही खुर्ची दिव्यश्रीने उपचार केंद्रातून आणली होती, लाकडी, पाठीला आधार, कमरेला आणि छातीला पट्टे. आर्याला रोज काही वेळ तिच्यात बसवायला सांगितलं होतं. अक्काला ती खुर्ची डोळ्यांसमोर नको असे. लेकराला चोरासारखं बांधून ठेवतात, म्हणायची. तिची स्वतःची पद्धत निराळी. संताजीचा कापड बेतायचा पाट, रुंद, जमिनीपासून वीतभर उंच, तिने ठेवला होता. त्यावर गोधडी घालून ती आर्याला निजवायची आणि शेजारी बसून काजं करायची. रागीची पेज मांडीवर भरवायची, तोंड पुसायची, की लगेच पाटावर. मूल डोळ्यांसमोर, हात कामावर. योगीराजलाही तिने असंच वाढवलं होतं. आमच्या गल्लीतल्या शिंपीकाम करणाऱ्या घरांतली बहुतेक पोरं पाटावरच वाढली.

खुर्चीचा गुन्हा सिद्ध करायचा म्हणून अक्काने पट्टी घेतली. कोटाच्या आत घालतात त्या कडक कॅनव्हासची, हातभर लांब. तिच्यावर खडूने दहा चौकटी आखल्या, सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत तासाला एक. आर्याने दात खायला सुरुवात केली आणि थांबली की एक टाका. खुर्चीत असेल तर निळा दोरा, मांडीवर असेल तर पांढरा, पाटावर असेल तर काळा. भरवलं की लाल गाठ. ती कुठे किती वेळ होती, ते चौकटीच्या खाली खडूच्या रेघांनी, पाच मिनिटांना एक रेघ. एक दिवस, एक पट्टी.

पहिल्या दिवशी मी हसलो. वहीत लिहिता येत नाही काय, म्हणालो. तिने मान वर केली नाही. म्हणाली, “वही आणायला उठेन तोवर दोन वेळा खाऊन होईल. सुई हातातच असते.”

मी हसणं बंद केलं. आठ ते सहा दहा तास होतात. दहा तास एका आवाजावर कान ठेवायचा आणि एकही टाका चुकवायचा नाही, हे काम आमच्या कारखान्यात तपासनीसाला दिलं असतं तर त्याने दुसऱ्या दिवशी आजारपणाची रजा टाकली असती. अक्काने आलेले दोन कोट परत पाठवले. नवरदेवाची आई दारात येऊन कुरकुर करून गेली. अक्का तिला म्हणाली, यंत्रावर करून घ्या, स्वल्प वाकडं येईल, फोटोत दिसत नाही.

असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी सकाळी तिने मला हाक मारली. नऊ पट्ट्या एकाखाली एक जोडून तिने जमिनीवर पसरल्या होत्या. “बघा आणि सांगा,” म्हणाली.

सांगायला फार वेळ लागला नाही. निळे टाके विरळ होते, चौकटीत एखादा. पांढरे त्याहून कमी. काळे टाके सगळे एका जागी गोळा झाले होते, लाल गाठीच्या लगेच पुढे. सकाळच्या पेजेनंतर पाच, सहा. दुपारच्या जेवणानंतर आठ, नऊ. तास सरला की काळेही विरळ. नऊच्या नऊ दिवस तसेच.

“काळे जास्त आहेत,” मी म्हणालो.

“कुठे?”

“जेवणानंतर.”

“पुढे बोला.”

मी सावरायला गेलो. म्हणालो की पाटावर ती जास्त वेळ असते, म्हणून जास्त दिसत असतील. अक्काने खडूच्या रेघांवर बोट ठेवलं. खुर्चीत आणि पाटावर वेळ जवळजवळ सारखा होता. हे तिने आधीच मोजून ठेवलं होतं, आणि माझी पळवाट मला सापडायच्या आधी बुजवून टाकली होती.

“खाल्लं की मी तिला आडवी करते,” ती म्हणाली. “पोटातलं वर येत असणार, जळत असणार. आपल्याला घशाशी आलं तर आपण उठून बसतो. ती काय करील? दात खाते. तीन वर्षं मी तिला आडवी करते आहे, अण्णा.”

त्यावर मी जे बोललो ते लिहायला लाज वाटते. मी म्हणालो, सुनेला दाखवायची काय गरज आहे, उद्यापासून मुकाट्याने बसवत जा. अक्काने माझ्याकडे वाकड्या काजाकडे बघावं तसं बघितलं.

“पट्टी शिवली ती खुर्चीला पकडायला. चोर मी निघाले, तर पट्टी ट्रंकेत घालू?”

त्याच दिवशी, शनिवारी, तिने पट्ट्या दिव्यश्रीसमोर मांडल्या. मला साक्षीला बसवलं. कोणता रंग कशाचा ते सांगितलं, आणि शेवटी म्हणाली की तुझी खुर्ची बरोबर होती, माझा पाट चुकला. इतक्या सपाट आवाजात, जणू भाजीत मीठ जास्त झालं म्हणून सांगते आहे.

दिव्यश्री पट्ट्यांवर वाकली. तिने एकेका दिवसावरून हात फिरवला. मी टोमण्याची वाट बघत होतो. तिच्या जागी सुब्बाराव असता तर वर्षभर तेच बोलला असता.

“अत्ते, मला वाटलं खुर्चीवरच्या रागाने तुम्ही हे करताय.”

“रागानेच केलं. म्हणून तर तिला निळा दोरा दिला, ठळक दिसावा म्हणून.”

दिव्यश्री हसली आणि मग तिला रडू आलं. अक्काने पट्ट्या बाजूला ओढल्या. कॅनव्हासला पाणी लागलं की तो आकसतो, म्हणाली.

उरले होते चौदा दिवस. दिव्यश्रीने खाजगी डॉक्टरची तारीख सोडली आणि सरकारी दवाखान्यात पहाटेच्या रांगेत दोनदा उभी राहून डॉक्टर रूपश्रींची वेळ मिळवली. त्या मधल्या दिवसांत आर्या जेवणानंतर पाऊण तास सरळ बसत होती, खुर्चीत नाहीतर अक्काच्या छातीला टेकून. अक्काचे गुडघे मुळातच गेलेले आहेत. पाऊण तासानंतर तिला उठवायला हात द्यावा लागायचा. एकदाही ती चाळीस मिनिटांवर उठली नाही. पट्टी चालूच होती. दुपारचे टाके आठांवरून तिनांवर आले, कधी दोन.

दवाखान्यात मीही गेलो, खुर्ची उचलायला. डॉक्टर रूपश्रींनी पट्ट्या टेबलावर पसरल्या. आधी त्या घाईत होत्या, मग घाई थांबली. त्यांनी विचारलं की जेवणानंतर पाठ ताणते का, खोकते का, तोंडाला आंबट वास येतो का. अक्काने तिन्ही प्रश्नांना हो म्हटलं. हे आधी का सांगितलं नाही, असं डॉक्टरांनी विचारलं. अक्का म्हणाली, “कोणी विचारलं नव्हतं, आणि मला माहीत नव्हतं की हे सांगायचं असतं.”

डॉक्टरांनी समजावलं ते साधं होतं. या मुलींमध्ये जठरातलं आम्ल वर येणं पुष्कळदा असतं. दुखणं सांगता येत नाही तेव्हा ते दातांतून बाहेर पडू शकतं. म्हणून दात खाणं अचानक वाढलं की आधी कान, दाढा, पोट, मलावरोध, नवीन औषध, सगळं तपासायचं. त्यांनी एक तपासणी लिहून दिली, आम्लाचं औषध दिलं, थोडं थोडं आणि जास्त वेळा भरवायला सांगितलं, दाताच्या डॉक्टरकडे पाठवलं. गालाचे स्नायू हाताने कसे सैल करायचे ते अक्काच्या हातावर हात ठेवून दाखवलं. शांत करणारं औषध एकदम तोडायचं नाही, झटके येऊ शकतात. सहा आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उतरवायचं, म्हणाल्या. डोस वाढवायचा प्रश्नच नव्हता.

मी नायलॉनच्या कडीबद्दल विचारलं. विचारायला हवंच होतं, मुलीच्या तोंडात काय गेलं होतं ते डॉक्टरला कळायला हवं. त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं की कठीण वस्तू या मुलीच्या तोंडात कधीच घालायची नाही, श्वासनळीत गेली असती. मी मान हलवली.

“मग आता बंद होईल ना?” दिव्यश्रीने विचारलं.

“पूर्ण होणार नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “आजार आहेच. पण जेवढं दुखण्यामुळे आहे, तेवढं तिने का सोसायचं?”

घरी आल्यावर अक्काने तो पाट भिंतीला उभा केला. योगीराजने तो गच्चीवर टाकतो म्हटलं, तर तिने नको म्हणून सांगितलं. कापड बेतायला चांगला आहे, म्हणाली. पाटाचा काय दोष.

औषध उतरवायला सहा नव्हे, सात आठवडे लागले. मध्ये एकदा आर्या फार चिडचिडी झाली तेव्हा डॉक्टरांना फोन करून एक टप्पा आठवडाभर थांबवला होता. ती अजून दात खाते. सकाळी थोडं, अनोळखी माणूस आला की जास्त. संध्याकाळी पाचच्या सुमाराला का खाते, ते पट्टीवरून अजून निघालेलं नाही, आणि अक्का त्यावरून चिडलेली आहे. सुब्बाराव सगळ्यांना सांगत फिरतो की शेवटी जंतांवरचंच औषध लागू पडलं. मी त्याला दुरुस्त करत नाही. तेवढी मेहनत त्याच्यावर कोण करणार?

गेल्या मंगळवारी मी त्यांच्याकडे खुर्चीचा एक सैल झालेला स्क्रू आवळायला गेलो होतो. आर्या खुर्चीत बसून हात चोळत होती. दिव्यश्री आतल्या खोलीतून आली, कामाची घाई होती, पाण्याचा पेला टेबलावर ठेवून फोन शोधायला लागली. आर्याने पेल्याकडे बघितलं. मग आईकडे. मग पुन्हा पेल्याकडे. दात वाजत होते.

दिव्यश्री थांबली. “पाणी?” तिने विचारलं.

आर्या पेल्याकडेच बघत राहिली. दिव्यश्रीने फोन शोधणं सोडलं, स्टूल ओढून तिच्यासमोर बसली आणि चमच्याने पाणी पाजायला लागली. प्रत्येक चमच्यानंतर ती थांबायची, आणि आर्या डोळ्यांनी पुढचा मागायची. अठरा चमचे झाले. मी स्क्रू केव्हाच आवळला होता, पण उठलो नाही.